तीन नुक्त्यांची जीप

जुन्या जीपच्या बाजारात सगळ्यात महाग शब्द म्हणजे 'ओरिजनल'. विकणारा दर दोन वाक्यांमागे एकदा तो उच्चारतो आणि घेणारा तोच ऐकायला आलेला असतो. ओरिजनल बोनेट, ओरिजनल जाळी, ओरिजनल स्टेअरिंग. आम्हीही त्या शब्दामागे दोन-अडीच वर्षं धावलो. आता घरात कुणी तो उच्चारला की अम्मी हसते.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. एक उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो, दुसरा लेथवर काम करतो. गाडी दोघांच्या पैशांतून आली, दोघांच्या हातांनी उभी राहिली, त्यामुळे हे लिहितानाही 'मी' म्हणवत नाही. आमचं गाव अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. हे लष्कराचं गाव. १९९४ पासून इथं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहली तिथं जातात. आमच्याकडच्या पोराला सायकल यायच्या आधी रणगाडा बघायला मिळतो. अशा गावात मिस्तरी लोकांची कमतरता नसते. आमचे मामू त्यांतले एक. चाळीस वर्षं त्यांनी जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले. २०१६ साली ते गेले. शाळेत ते दुसरीपर्यंतच शिकले होते, पण कुठलंही इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखायचे.

ही जीप आम्हाला सापडली २०१९ च्या उन्हाळ्यात, राहुरीकडच्या एका वस्तीवर, कडुलिंबाखाली. दहा वर्षं ती जागची हलली नव्हती. चाकं मातीत बुडाली होती आणि मागच्या हौद्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक म्हातारे शेतकरी. मामूंचं नाव घेतल्यावर त्यांनी चहा मागवला. कागद दाखवले. १९६५ ची गाडी. पहिला मालक एका साखर कारखान्याचं शेतकी खातं. उसाच्या नोंदी घ्यायला साहेब लोक तिच्यातून बांधाबांधानं फिरायचे. १९७९ साली कारखान्यानं लिलाव केला तेव्हा या शेतकऱ्यानं ती घेतली. १९८४ साली, आमच्या जन्माच्याही आधी, मामूंनी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. आरसी बुकात पेट्रोल खोडून डिझेल लिहिलेलं, वर आरटीओचा शिक्का. सौदा ८५,००० रुपयांना ठरला. अंडी उबेपर्यंत गाडी हलवायची नाही, ही आजींची अट होती. आम्ही तीन आठवडे थांबलो.

जुनी जीप घ्यायची तर आधी ती कोणती आहे हे कळायला हवं. बाजारात सगळ्याच 'विलीज' असतात आणि सगळ्याच 'लढाईतल्या' असतात. ओळखण्याच्या खुणा मात्र साध्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीच्या जाळीला नऊ खाचा असतात, दिवे लहान आणि जाळीच्या आत बसवलेले असतात, पुढची काच दोन तुकड्यांत असते आणि मागं उघडणारी फळी नसते, जादा चाक तिथंच टांगलेलं असतं. युद्धानंतर नागरी वापरासाठी सीजे जीप आल्या. त्यांच्या जाळीला सात खाचा, दिवे मोठे, मागं फळी, आणि जादा चाक बाजूला. आमची सीजे-३बी. तिचं बोनेट उंच असतं, म्हणून मिस्तरी तिला 'हाय बोनेट' म्हणतात. ही उंची शोभेसाठी नाही. एमबीच्या 'गो डेव्हिल' इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच होते. पुढच्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. ताकद ६० हॉर्सपॉवरवरून ७५ वर गेली, इंजिन उंच झालं, म्हणून बोनेटही वर गेलं. पोटात काय आहे ते चेहऱ्यावर दिसतं, अशी ही गाडी.

घेणाऱ्यानं आणखी एक गोष्ट बघावी. जीपची फरशी वरून ठोकून बघून भागत नाही. फरशीच्या खाली पत्र्याच्या आडव्या पोकळ पट्ट्या असतात. त्यांत पाणी आणि चिखल साचून गाडी आतून कुजते. वरून रंग चकचकीत असला तरी खाली हात घालावा. हाताला भुगा लागला तर भाव खाली आणावा. चेसिसचा नंबर खरवडून वाचावा. गाडीवरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी वाचून विश्वास ठेवू नये. तशा पट्ट्या आज नव्या बनवून विकत मिळतात, पाहिजे ते साल टाकून. नवा पत्राही मिळतो. मंडी डबवालीसारख्या ठिकाणी तर अख्खी जीप बांधून मिळते.

पट्टीवर लिहिलेल्या नावाची ही गोष्ट आम्हाला पुढं बरीच लांब घेऊन गेली. जीप कुणी बनवली, या प्रश्नाचं उत्तर जगानं नेहमी विलीज असं दिलं. पण १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्यानं १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली, हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी मागितली आणि नमुना द्यायला ४९ दिवसांची मुदत घातली, तेव्हा ती मुदत पाळणारी कंपनी होती अमेरिकन बँटम. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावातला, डबघाईला आलेला एक छोटा कारखाना. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरनं तिचे आराखडे काढले. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी सैन्याच्या हवाली झाली. ती पसंत पडली. मग सैन्यानं बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड यांच्याही हाती दिले, कारण छोट्या कारखान्याला मोठं काम झेपणार नाही असं ठरलं. विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला सुमारे २,७०० आल्या. नंतर ती कंपनी जीपच्या मागं जोडायचे ट्रेलर बनवत राहिली.

विलीजनं जाहिराती केल्या की जीप आमचीच निर्मिती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यावर हरकत घेतली. १९४८ साली कमिशननं सांगितलं की मूळ कल्पना बँटमची आणि काही लष्करी अधिकाऱ्यांची आहे, विलीजनं ती आपली म्हणून सांगू नये. तोवर बँटमचं नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. 'जीप' हा शब्द १९५० साली विलीजच्याच नावावर नोंदला गेला.

याच १९४८ साली मुंबईत आणखी एक पाटी बदलली. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या दोन भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली होती. तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ गव्हर्नर जनरल राहिले. १९४८ साली इकडं कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. एम अँड एम होतं ते एम अँड एमच राहिलं. त्याच कंपनीनं माझगावात विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं त्या इथंच बनू लागल्या. अमेरिकेत टोलेडोच्या कारखान्यात सीजे-३बी १९६८ साली बंद झाली. मुंबईत तिचा वंश त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिला.

ही हकिकत आठवीच्या वर्गात सांगितली तेव्हा एका मुलानं विचारलं, "सर, फिर मोहम्मद का नाम क्यों निकाला?" आम्ही सांगितलं, भागीदार गेला की दुकानाच्या पाटीवरून नाव उतरतं. यात कुणाचा जुलूम नाही. मुलाचं समाधान झालं. मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "और जो काम करते थे, उनका नाम कभी था ही नहीं ना, सर?" या पोराचे वडील गॅरेजमध्ये डेंटिंग करतात. त्याला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली.

गाडी घरी आणल्यावर आम्ही हौदा उचलून चेसिस वेगळी केली. लेथवाल्या भावाचं काम संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी. २०२० साली शाळा बंद झाल्या, मुलं मोबाइलवर शिकू लागली, तेव्हा मास्तरालाही दुपार मोकळी मिळाली. पाटे सुटे केले. शॅकलचे आट्यांचे बूश झिजून गुळगुळीत झाले होते. ते भावानं लेथवर नव्यानं कापले. पुढच्या चाकांच्या गाठींतलं फेल्ट सडून ग्रीस बाहेर आलं होतं. ट्रान्सफर केसचा मधला शाफ्ट झिजला होता. या गाड्यांचं तेल गळतं ते बहुतेक तिथूनच. पाणी-पेपरनं रंग घासला. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी आणि तळाशी हिरवा. रेडिएटर जुन्या कारागिराकडून डाग देऊन आणला.

गाडीतून गणितही निघालं. मूळ सीजे-३बीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर साधारण २.८ ला १, ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ ला १ आणि डिफरन्शियल ५.३८ ला १. तिन्हींचा गुणाकार जवळपास ३७. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणून ही गाडी चिखलातून मुंगीच्या चालीनं का होईना, निघते. गुणोत्तराचा धडा आम्ही त्या वर्षापासून असाच शिकवतो.

चेसिस धुतली तेव्हा मामू भेटले. डिझेल इंजिन बसवायचं तर जुने टेकू चालत नाहीत. इंटरनॅशनलचं १४४ घन इंचांचं ते इंजिन, बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, जड आणि धडधडणारं. मामूंनी जाड पट्टीचे दोन नवे टेकू घडवून चेसिसवर वेल्ड केले होते. त्यांवर पंचानं मारलेली तीन टिंबं होती, दोन खाली आणि एक वर. बॅटरीखालच्या पत्र्याला तेलाच्या डब्याचं ठिगळ रिव्हेट मारून बसवलं होतं, त्यावरही तीन टिंबं. क्लचच्या दांडीवर, सायलेन्सरच्या पट्टीवर, तीन टिंबं. मामूंच्या नावाचं पहिलं अक्षर शीन. उर्दूत शीनवर तीन नुक्ते असतात. अख्खं नाव लिहायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून त्यांनी आपल्या नावाचे फक्त नुक्ते ठेवले होते. अम्मीनं ते टेकू पाहिले, बोट फिरवलं आणि आत जाऊन दुपारची नमाज पढली.

फोर्ड कंपनीनंही असंच केलं होतं. विलीजच्या आराखड्यावर जीप बनवताना फोर्डनं आपल्या बोल्टच्या डोक्यांवर 'एफ' हे अक्षर ठोकलं. आज जगभरचे शौकीन लोक ते एफचे बोल्ट शोधत फिरतात आणि एकेका बोल्टचे पैसे मोजतात. मामूंच्या नुक्त्यांचा भाव कुणी विचारला नव्हता. तो प्रश्न आमच्यापुढं आला २०२२ साली.

गाडी चालू झाली होती. पुण्याचे एक गृहस्थ ती बघायला आले. माणूस सभ्य, जाणता, स्वतःच्या दोन जुन्या गाड्या असलेला. त्यांनी तळाचा हिरवा रंग पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, "ही १९६५ ची आहे. हिला मिलिटरी करा. पेट्रोल इंजिन मिळवा, मुंबईत कुर्ल्याला नाही तर दिल्लीत मायापुरीला मिळेल. हे टेकू कापून टाका, चेसिस गुळगुळीत करा. वर रिकॉइललेस गनचा सांगाडा बसवा. पासष्टची लढाई, अब्दुल हमीद यांची जीप म्हणून दाखवायला ठेवतो. सहा लाख देतो."

अब्दुल हमीद हे नाव आमच्या शाळेत पहिलीच्या पोराला ठाऊक असतं. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या लढाईत चार ग्रेनेडियर्सच्या या हवालदारानं जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं पॅटन रणगाडे फोडले आणि तिथंच प्राण दिला. त्यांना परमवीर चक्र मिळालं. २००० साली टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं, त्यावरही जीप आहे. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांचा फोटो आहे. त्या नावाची जीप आमच्या दारातून निघते म्हटल्यावर मोहल्ल्यात आमची मान किती उंच झाली असती, हे सांगायला नको.

शिवाय कायद्याचाही रेटा त्याच बाजूला होता. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला चालते. अट एकच मोठी. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे मामूंचं डिझेल इंजिन तिथंही आडवं येत होतं.

सहा लाख ही आमच्यासाठी लहान रक्कम नव्हती. भावाचा लेथ जुना आहे. मोठी कामं हातातून जातात. नवा नको, चांगला जुना मोठा लेथ घ्यायचा तर तेवढे पैसे पुरेसे होते. आमच्यातल्या टर्नरचं म्हणणं सरळ होतं. टेकू कापायला मला अर्धा तास पुरे. मामू असते तर त्यांनीच कापले असते, त्यांना गाडीपेक्षा गिऱ्हाईक मोठं होतं. आमच्यातला मास्तर म्हणत होता की गाडी उसाच्या बांधावर फिरली, दुधाचे कॅन आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली, निवडणुकीत भोंगा घेऊन हिंडली. तिनं गोळी कधी बघितली नाही. तिच्या अंगावर शहिदाचं नाव घालायचं, हा कसला आदर? ज्यानं खरोखर जीव दिला त्याच्या नावाशी हा खोटेपणा होईल. चार दिवस घरात दोघे एकमेकांशी जेवढ्यास तेवढंच बोलत होतो.

शेवटी अम्मीनं दोघांना बसवलं. म्हणाली, "बेचना है तो बेचो, भाई का लेथ आएगा. पर झूठ बोलके मत बेचो. और वो टेकू कापे तो मेरे सामने मत कापना."

आम्ही गृहस्थांना फोन केला. गाडीची खरी हकिकत सांगितली, कारखान्यापासून कडुलिंबापर्यंत. आहे तशी घेणार असाल तर द्यायला तयार आहोत, म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आहे तशा गाडीचे दोन लाख सांगितले. त्यांचाही इलाज नव्हता. त्यांना संग्रह करायचा होता आणि संग्रहात डिझेलच्या जीपला जागा नाही. आमचा सामानाचाच खर्च त्याहून जास्त झाला होता. गाडी राहिली. जुना लेथही राहिला. त्यावर भाऊ आजही काम करतो आणि मोठं काम परत जातं तेव्हा मास्तराकडं बघतो. मास्तर खाली बघतो.

जीप पाहायला येणाऱ्यांना आम्ही आता एवढंच सांगतो. गाडी मूळ रूपात आणायला हरकत नाही. कुणाकडं न बदललेली गाडी असेल तर तिनं तसंच राहावं, तीही मोठी ठेव आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक जीपचं मूळ रूप टिकलं नाही, कारण त्या काचेत ठेवायला घेतलेल्याच नव्हत्या. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल आलं. पाट्या वाढवल्या, मागं बाकडी टाकली, वडाप आणि काळी-पिवळी झाल्या, दहाच्या जागी पंधरा माणसं बसली. हे सगळं घासून काढून टोलेडोचा कारखाना दाखवायचा, तर मधली पन्नास-साठ वर्षं कुठं टाकायची? त्या वर्षांत आमच्यासारख्यांचे बाप, मामू, खालू होते.

भावानं मूळ बोल्ट जिथं बदलले तिथं आपली खूण ठोकली आहे. त्याच्या नावातल्या 'बे'चा एक नुक्ता, खाली. आणि आम्ही एक वही केली आहे. चार रकाने: साल, काय बिघडलं, काय केलं, कुणी केलं. आमचं काम लिहून झालं. मामूंचं, जेवढं नुक्त्यांवरून कळलं तेवढं लिहिलं. निळा रंग कुणी दिला ते राहुरीचे मालक आठवून सांगणार होते, त्यांची तब्येत बरी नाही म्हणून राहिलं आहे. पहिल्या इंजिनाचं काम शेतकी खात्याच्या कुठल्या मिस्तरीनं केलं, त्याचा पत्ता लागलेला नाही. दिवाळीच्या सुट्टीत गळीत सुरू होतं, तेव्हा कारखान्यावर जाऊन जुन्या कामगारांना विचारणार आहोत. जीपनंच जाऊ. मधल्या शाफ्टचं तेल परत गळायला लागलंय, तेवढं आधी बघावं लागेल.